'सिस्टर, एक सांगू का?' : वॉर्डात रुग्णाशी विश्वासाचं नातं कसं बांधायचं

पेठ तालुक्यातल्या एका आजींचं बीपी चार दिवस खाली येत नव्हतं. केसपेपरवर 'गोळ्या नियमित घेते' असं लिहिलेलं. राउंडला डॉक्टर विचारायचे, आजी मान हलवायच्या आणि डोस वाढायचा. चौथ्या रात्री अडीचच्या सुमाराला मी शेजारच्या बेडची सलाईन बदलत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सिस्टर, एक सांगू का? रागावणार नाही ना?"

द्राक्षाच्या हंगामात आजी लेकाबरोबर निफाडकडे मजुरीला जात. बीपीच्या गोळ्यांतली एक लघवी वाढवणारी होती. बागेत बायांना जायला आडोसा नाही आणि टोळीत सारखं उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून ती गोळी त्यांनी कधीच बंद केली होती. वॉर्डातही आम्ही हातात दिलेली गोळी उशीखाली जात होती. संडास दुसऱ्या टोकाला होता आणि रात्री एकटीनं तिथवर जायची त्यांना भीती वाटायची. सकाळी मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी औषध बदललं, आम्ही आजींना खिडकीकडून उचलून संडासाजवळच्या बेडवर आणलं. दोन दिवसांत बीपी उतरलं.

नाशिकच्या वॉर्डांत मला २२ वर्षं झाली. नव्या मुली ड्यूटीवर आल्या की पहिल्या आठवड्यात मी त्यांना हीच गोष्ट सांगते. पुस्तकात 'उपचारात्मक नातेसंबंध' हा धडा वाचून त्या आलेल्या असतात आणि बहुतेकींना त्याचा अर्थ 'पेशंटशी गोड बोलणं' असा वाटतो. गोड बोलणं चांगलंच आहे, पण ते नातं नव्हे. रुग्ण डॉक्टरांपासून, घरच्यांपासून, कधी स्वतःपासूनही लपवत असलेली गोष्ट ज्या विश्वासावर तुमच्यापाशी बोलतो, तो विश्वास म्हणजे हे नातं. ते इंजेक्शनइतकंच उपचाराचं साधन आहे आणि इंजेक्शनसारखंच शिकून घ्यावं लागतं.

हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकी परिचारिकेनं १९५२ मध्ये हे शास्त्र म्हणून मांडलं. नर्स आणि रुग्ण आधी दोन अनोळखी माणसं म्हणून भेटतात, मग ओळख होते, मग दोघं मिळून आजारावर काम करतात आणि शेवटी हे नातं नीट संपवायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटचा भाग आपण सगळ्यात जास्त विसरतो. त्याबद्दल पुढे येईलच.

"मॅडम, ४० पेशंट आणि आम्ही दोघी, बसायला वेळ कुठे आहे?" हा प्रश्न दर बॅचला येतो आणि तो खरा आहे. म्हणून पुढे जे सांगते त्यातलं बहुतेक सगळं तुम्ही तशीही करताच त्या कामांच्या आत बसणारं आहे.

आधी स्वतःची तयारी

हॅण्डओव्हर, म्हणजे आधीच्या ड्यूटीकडून रुग्णांची माहिती, घेताना निदान आणि औषधांबरोबर चार गोष्टी विचारून घ्या: गाव कोणतं, सोबत कोण आहे, घरी कोणती भाषा बोलतात, पोटापाण्याला काय करतात. सुरगाण्याचा माणूस आणि सातपूरच्या कारखान्यातला बिहारी कामगार यांना एकाच पद्धतीनं समजावता येत नाही. केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, शिक्का असेल तर तोही आधी पाहा, म्हणजे पोलिसांसमोर घाबरलेल्या माणसाला तुम्ही नेमकं तेच विचारून बसणार नाही.

हॅण्डओव्हरमध्ये औषधांबरोबर शेरेही येतात. 'सात नंबरची फार कटकट आहे', 'तो बारावा नाटकं करतो'. ते ऐका, पण तिथेच सोडा. दर ड्यूटीला तोच शेरा पुढे गेला तर सात नंबरची बाई खरंच बिघडली तरी कुणी वळून बघत नाही.

आणि एक कठीण काम. कोणत्या रुग्णाजवळ जाताना आपल्या कपाळावर आठ्या पडतात, हे प्रामाणिकपणे ओळखा. दारूनं लिव्हर गेलेल्या रुग्णांशी मी कित्येक वर्षं तुटक वागत होते. माझे मामा त्याच दुखण्यानं गेले होते आणि माझा राग त्या अनोळखी माणसांवर निघत होता. एका सीनिअर सिस्टरनं मला बाजूला घेऊन ते दाखवून दिलं. राग एका दिवसात गेला नाही, पण कुठून येतो ते कळल्यावर तो बेडजवळ न्यायचा नाही, एवढं जमायला लागलं.

पहिली पाच मिनिटं

खेड्यावरून पहिल्यांदा मोठ्या दवाखान्यात आलेल्या माणसाला आजारापेक्षा आधी इमारतीची भीती वाटते. लिफ्ट, लांबच लांब पॅसेज, पांढरे-निळे कपडे घातलेली माणसं, कुणाचं काम काय ते कळत नाही. त्यामुळे पहिलं काम ओळख. उभ्याउभ्या नव्हे. स्टुलावर नातेवाईक बसलेले असतील तर बेडशी वाका, पण तुमचा चेहरा रुग्णाच्या चेहऱ्याच्या पातळीला येऊ द्या. मग साधारण असं बोला:

"नमस्कार बाबा. मी आज तुमची सिस्टर, रात्री आठपर्यंत मीच आहे. तुमचं पूर्ण नाव सांगता? हाक काय मारू?"

नाव विचारून हातावरच्या पट्टीशी आणि केसपेपरशी ताडून पाहणं हे सुरक्षिततेचं काम आहेच. त्याच वाक्यात माणसाला माणूस म्हणून हाक मिळते. 'बेड नंबर नऊ' ही हाक डॉक्टरांना माहिती देताना ठीक आहे, रुग्णाच्या तोंडावर नको. आजी, बाबा, मावशी, काका, दादा, ताई ही आपली नाती कामाला येतात, पण अंदाजानं लावू नका. चाळिशीतल्या बाईला 'आजी' म्हटलेलं तिला लागतं. आजारपणानं माणूस दहा वर्षांनी मोठा दिसतो. मालेगावकडच्या मुस्लिम रुग्णाला 'चाचा' म्हटलं तर चेहरा खुलतो, हे मी अनेकदा पाहिलंय. वय काहीही असो, 'अरे-तुरे' नको. कातकरी बाईला 'ए बाई, इकडे ये' आणि शहरी बाईला 'मॅडम, या ना' असं एकाच वॉर्डात ऐकू आलं की बाकीचे २० रुग्ण आपापली जागा ओळखतात आणि गप्प होतात.

मग जागा दाखवा. संडास कुठे, पाणी कुठे, जेवण कधी येतं, डॉक्टर किती वाजता येतात, सोबतच्या माणसानं रात्री कुठे टेकायचं, सलाईन संपत आली तर कुणाला हाक मारायची. एवढं सांगितलेल्या रुग्णाची रात्रीची निम्मी हाकाहाक आपोआप कमी होते.

काहीही करण्याआधी सांगा आणि विचारा. "हातात सुई घालायची आहे, थोडं टोचेल, कोणत्या हातात घालू? काम कोणत्या हातानं करता?" सलाईन उजव्या हाताला लावली म्हणून दोन दिवस न जेवलेला माणूस मी पाहिलाय. भरवायला कुणी नव्हतं आणि डाव्या हातानं जेवणं त्याला पटत नव्हतं.

एक वचन मात्र पहिल्याच दिवशी देऊ नका: "तुम्ही सांगाल ते कुणालाच सांगणार नाही." खरं वाक्य असं आहे: "तुम्ही सांगाल ते उपचार करणाऱ्यांपलीकडे जाणार नाही." जिवाला धोका असणारी गोष्ट रुग्णानं सांगितली तर ती डॉक्टरांपर्यंत न्यावीच लागते, आणि तेव्हा तुम्ही शब्द मोडला असं त्याला वाटता कामा नये.

रुग्णाचे शब्द शिका

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण नाशिक जिल्ह्याची बोली एक नाही. सटाणा, मालेगावकडून अहिराणी येते, पेठ-सुरगाण्याकडून कोकणा, अंबड-सातपूरमधून हिंदी आणि भोजपुरी, मालेगाव शहरातून उर्दू वळणाची हिंदी. सगळ्या भाषा कुणालाच येणार नाहीत. पण "काय व्हयनं, माय?" एवढं एक वाक्य अहिराणीत विचारलं तरी समोरची म्हातारी पदर सावरून बोलायला लागते. वॉर्डातल्या मावशी, मामा, शेजारच्या बेडवरचे नातेवाईक दुभाषे म्हणून मदत करतात. मात्र पाळी, लैंगिक आजार, नवऱ्याची मारहाण असे विषय असतील तर दुभाषा नातेवाईक नको, आणि रुग्णाचं लहान मूल तर अजिबात नको.

दुखण्याचे आपले शब्द फार नेमके आहेत. गळू ठणकतं. कंबरेत चमक भरते. पोटात कळ येते आणि जाते. पायाची आग होते, मुंग्या येतात. डोकं जड होतं. 'दुखतंय' एवढंच ऐकून वेदनाशामक देऊन मोकळ्या होऊ नका, "ठणकतंय, की आग होतेय, की कळ येऊन जातेय?" असं विचारा. मधुमेहाच्या रुग्णानं पायाची आग सांगितली तर ते नसांचं दुखणं असू शकतं, आणि पोटातली कळ येऊन-जाऊन असणं नि एकसारखं दुखत राहणं यात सर्जनच्या दृष्टीनं मोठा फरक असतो. रुग्णाचा शब्द जसाच्या तसा नोंदीत लिहा.

काही शब्दांचे अर्थ ठाऊक नसले तर फसगत होते. 'उन्हाळी लागली' म्हणजे लघवीला जळजळ. 'अंगावरून जातंय' हे पांढऱ्यासाठीही म्हणतात आणि रक्तासाठीही, म्हणून रंग विचारावाच लागतो. 'अडचण आहे', 'बाहेरची आहे' म्हणजे पाळी. आणि 'जीव घाबरतोय' किंवा 'कसंतरी होतंय' या शब्दांना कधीही "काही नाही, घाबरू नका" असं उत्तर देऊ नका. आधी नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुगर बघा. हार्ट अटॅक आणि साखर उतरणं, दोन्ही माणसाच्या तोंडून याच शब्दांत बाहेर पडतात.

वेदनेची मोजपट्टी शून्य ते दहा अशी शिकवली जाते. ती तरुणांना जमते, लहान मुलांना चेहऱ्यांची चित्रं जमतात. म्हाताऱ्या माणसांना मी आण्यांत विचारते. "काल सोळा आणे दुखत होतं धरलं, तर आज किती आणे?" लगेच उत्तर येतं, "चार आणे फरक पडलाय." म्हणजे अजून बारा आणे शिल्लक, दहापैकी सात-आठ. आकडा चार्टवर लिहायचा, औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं परत विचारायचं. तो परत विचारलेला प्रश्नच रुग्णाच्या लक्षात राहतो.

इथे सिकल सेलच्या रुग्णांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या आदिवासी पट्ट्यातून हे तरुण पुन्हा पुन्हा ॲडमिट होतात. बाहेरून काही दिसत नाही. ना जखम, ना सूज, आणि ते दुखण्याचं इंजेक्शन मागतात. 'सवय लागलीय' असा शेरा पटकन पडतो. प्रत्यक्षात वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हाडापर्यंत रक्त पोहोचत नाही, आणि ते दुखणं भयंकर असतं. त्या मुलाला पहिलं वाक्य हवं असतं, "दुखतंय हे मला पटतंय, डॉक्टरांना आत्ता सांगते." पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी लिहिलेलं वेदनाशामक वेळेवर, हे बाकीचं काम. ज्याला एकदा खोटं ठरवलं, तो पुढच्या वेळी उशिरा येतो.

काम करता करता ऐकणं

वॉर्डात रुग्ण कधी बोलतात? राउंडला नाही. स्पंजिंग करताना, म्हणजे बेडवरच अंग पुसताना, केस विंचरताना, ड्रेसिंगची पट्टी सुटताना, रात्रीच्या सलाईनच्या वेळी बोलतात. पाठ पुसताना नजरानजर नसते, हात चालू असतो आणि माणूस सैलावतो. म्हणून शक्य तेव्हा स्पंजिंग पूर्णपणे मावशींवर सोडू नका, आठवड्यातून काही रुग्णांचं तरी स्वतः करा. पडदा ओढा, अंग उघडं ठेवू नका, पाणी कोमट आहे का ते स्वतःच्या हातावर पाहा.

बीपी घेताना मात्र गप्प राहा, दोघांनीही. बोलताना घेतलेलं बीपी जास्त येतं. पट्टा सुटला की मग बोला.

'का' या प्रश्नात आपल्याकडे आरोप ऐकू येतो. "गोळ्या का नाही घेतल्या?" याला उत्तर मिळतं, "घेतल्या की." "गोळ्या घेताना काय अडचण येते? पुष्कळांना येते" असं विचारलं की खरी गोष्ट निघते. प्रश्न विचारल्यावर थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला माणूस बोलायला लागतो, आणि आपण नेमके पाचव्याला दुसरा प्रश्न टाकून मोकळ्या होतो. डोळ्यांत डोळे घालून बोला असं शिकवतात, पण खेड्यातल्या बायका, विशेषतः सासुरवाशिणी, खाली बघून बोलतात. ते लक्ष नसणं नव्हे. तुम्हीही नजर थोडी हलकी ठेवा.

"सगळं ठीक होईल" हे वाक्य टाळा. उद्या ऑपरेशन असलेल्या बाईनं भीती सांगितली, तर संवाद असा जाऊ शकतो:

"सिस्टर, मी वाचेन ना?"

"भीती वाटतेय तुम्हाला. सगळ्यात जास्त कशाची वाटतेय?"

"भूल दिल्यावर उठलेच नाही तर..."

"हे उद्या सकाळी भुलीचे डॉक्टर येतील तेव्हा आपण दोघी मिळून विचारू. ऑपरेशनच्या पूर्ण वेळ ते तुमच्या उशाशी असतात. आणि रात्री झोप नाही आली तर मला हाक मारा."

यात कुठेही खोटी खात्री नाही, तरी बाई एकटी पडत नाही. नंतर ती खरंच जागी राहिली तर मात्र जाऊन यायलाच हवं.

त्यावरून वेळेबद्दल. 'आत्ता आले हं' हे आपल्या तोंडात बसलेलं वाक्य आहे आणि रुग्णाचा विश्वास त्यानंच सर्वांत जास्त तुटतो. "आधी दोन ॲडमिशन आहेत, पाऊण तासानं येते" असं म्हणा आणि पाऊण तासानं या. जमलंच नाही तर दारातून हात करून सांगा. गरीब माणसाला थांबायची सवय असते, विसरलं जाण्याची मात्र भीती असते.

पुढे काय होणार तेही आधीच सांगून ठेवा. टीबीच्या रुग्णाला पहिल्या गोळीआधीच सांगायचं की लघवी लालसर-नारिंगी होईल, ते औषधाचं आहे, रक्त नाही. हे न सांगितल्यामुळे तिसऱ्या दिवशी औषध बंद करणारे लोक आहेत, आणि उपचार तर किमान सहा महिने चालायचे असतात.

विष घेतलेला रुग्ण

द्राक्ष, टोमॅटो, कांद्याच्या पट्ट्यात घरोघरी कीटकनाशक असतं, त्यामुळे असे रुग्ण आपल्याकडे येत राहतात. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण आपल्या मनात उपदेश तयार असतो. "लेकरांचा तरी विचार करायचा" हे वाक्य त्या माणसानं स्वतःला शंभरदा ऐकवलेलं असतं. ते तुम्ही म्हणू नका. "तुम्ही इथे आहात, आम्ही लक्ष ठेवून आहोत, बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे" एवढं पहिल्या दिवशी पुरतं.

घरच्यांना समजावणं तितकंच महत्त्वाचं. कीटकनाशकांच्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं विष असेल तर ॲट्रोपिन हे त्यावरचं औषध चालू असतं. त्यानं तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, रुग्ण बडबडतो, चादर ओढतो. नातेवाईकांना वाटतं वेड लागलं किंवा बाहेरची बाधा झाली. आधीच सांगून ठेवा की औषधामुळे असं होऊ शकतं, आणि असं दिसलं की लगेच डॉक्टरांना कळवा, कारण डोस बदलायची गरज असू शकते. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. एक ते चार दिवसांत, माणूस सुधारलाय असं वाटत असतानाच, मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. म्हणून घरचे "आता बरा आहे, नेतो" म्हणून सही करायला निघाले तर त्यांना हे कारण सांगायला हवं. "बाबा, मान उशीवरून उचलून दाखवा बरं" हे दर फेरीला विचारा. ते तपासणंही आहे आणि बोलणंही.

माणूस शुद्धीवर स्थिर झाला की, एकांत असताना, सरळ विचारा: "अजून जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं मनात विचार पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारल्याचं हलकं वाटतं. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू दूर करा, डॉक्टरांना लगेच सांगा, मानसोपचाराचा रेफरन्स लावून घ्या. पोलिसांची भीती बहुतेकांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला उपचार, मदत देण्याची जबाबदारी सरकारवर येते, हे शांतपणे सांगा. घरी जाताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कार्डावर लिहून द्या. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो.

गंडा, ताईत आणि भगताचं औषध

मनगटाला, दंडाला दोरा बांधलेला असतो. ऑपरेशनच्या तयारीत तो कात्रीनं कापून टाकला की त्या घरचा विश्वास तिथेच तुटतो. "हा काढावा लागेल, तुमच्या हातानं काढता? उशीला बांधून ठेवू की घरच्यांकडे देऊ?" एवढं विचारा. भगताकडे जाऊन आलात का, हे रागाच्या स्वरात विचारलं तर 'नाही' येतं. "घरी काही पाला, मुळी, काढा दिला होता का? आमच्या औषधाशी त्याचं जमतं का ते बघायचंय" असं विचारलं तर काय, किती दिवस, शेवटचं कधी, सगळं कळतं. लिव्हर, किडनीच्या रुग्णात ही माहिती फार मोलाची असते.

नातेवाईक

गर्दी होणारच. एका रुग्णामागे गावाहून जीपभर माणसं येतात, कारण तसं न येणं हाच आपल्याकडे अपमान. त्यांच्यातला एक निवडायला सांगा, माहिती त्यालाच द्या आणि ठरलेल्या वेळी द्या. त्यांनी विचारण्याआधी आपण गेलो तर आवाज चढत नाही. "लघवी झाली, ताप उतरलाय, डॉक्टर सहाला परत बघतील", अर्ध्या मिनिटाचं काम.

चिडलेल्या माणसाला गर्दीतून बाजूला घ्या, बसवा, पाणी द्या, त्याचं पूर्ण ऐका. "तुम्हाला काळजी वाटतेय आणि कुणी नीट सांगत नाहीये" हे त्याच्या मनातलं त्याला ऐकवा. पण हात उगारला गेला तर समजूत घालत बसायचं नाही. तिथून निघा, सुरक्षारक्षकांना बोलवा. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवरचा हल्ला महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा आहे.

मर्यादा

दिंडोरीचा एक बागाईतदार बरा होऊन गेला आणि आठवड्यानं द्राक्षांची पेटी घेऊन आला. आम्ही ती इन्चार्ज सिस्टरांसमोर उघडली आणि सगळ्या ड्यूट्यांत वाटली. पैसे, साडी, सोनं मात्र नम्रपणे परत करायचं, उपचार चालू असताना तर नक्कीच. स्वतःचा मोबाइल नंबर देऊ नका, वॉर्डाचा द्या. उसने पैसे देऊ-घेऊ नका. रुग्ण तुमच्यासाठी आहे की तुम्ही रुग्णासाठी, याची गल्लत होतेय हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत: एकाच बेडपाशी जास्त थांबणं, त्याच्यासाठी ड्यूटी बदलून घेणं, त्याच्याशी झालेलं बोलणं सहकाऱ्यांपासून लपवणं. अशी खूण दिसली की इन्चार्जशी बोला, त्यात लाज नाही.

पुरुष रुग्णानं चावट बोलणं किंवा नको तिथे हात लावणं केलं तर हसून टाळू नका. "असं चालणार नाही" हे स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, नोंद करा, पुढच्या वेळी दोघींनी जा.

आणि नाशिक तसं अजूनही ओळखीपाळखीचं शहर आहे. नाशिकरोडच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत 'आमच्याकडे एक पेशंट होता' म्हणून सुरू केलेली गोष्ट त्याच्या मेव्हण्याच्या कानावर जाऊ शकते. एचआयव्हीबाबत तर गुप्तता २०१७ च्या कायद्यानंच बंधनकारक आहे. बेडवर, फाइलच्या दर्शनी भागावर खूण करणंही चूक.

निरोप

डिस्चार्जची तयारी ॲडमिशनच्या दिवसापासून करायची. शेवटच्या अर्ध्या तासात सांगितलेलं डोक्यात शिरत नाही, कारण रुग्णाचं लक्ष पेठच्या शेवटच्या एसटीकडे असतं. गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढा. मग "समजलं का?" विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. "घरी सूनबाईंना कसं सांगाल, मला सांगून दाखवा" म्हणा. चुकलं तर "मीच नीट सांगितलं नाही" म्हणून परत सांगा. पथ्य त्यांच्या ताटातलं सांगा. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, मीठ-मिरची यांतलं काय किती ते सांगा. ज्या घरात सफरचंद येत नाही तिथे सफरचंद लिहून देऊ नका. ड्रेसिंग गावात कोण करणार, उपकेंद्राच्या सिस्टर की आशाताई, हे नाव-गावासह ठरवून पाठवा.

आणि नातं इथे संपतं हे बोलून दाखवा. "मी आता रोज नसेन, पण तुम्हाला सगळं येतंय. त्रास झाला तर या नंबरवर वॉर्डात कळवा." दहा दिवस तुमच्यावर विसंबलेल्या माणसाला पाठीमागून गाडीवर चढवून देऊ नका, समोर येऊन निरोप घ्या.

दुसरा निरोप कठीण. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला ऐकू येत असेल असं धरूनच त्याच्या उशाशी बोला. एका तरी माणसाला हात धरून बसू द्या, नियम थोडा सैल करायला इन्चार्जना विचारा. नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात. घरचे रामकुंडावरून बाटली भरून आणतात, तुळशीचं पान आणतात. माणसाला गिळता येत नसेल तर ते पाणी तोंडात ओतलं की ठसका लागतो, श्वास अडकतो. पण म्हणून नाही म्हणू नका, कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून द्या आणि लेकाच्या हातानं ओठ ओले करू द्या. तुळशीचं पान ओठांवर नुसतं टेकवू द्या. तेवढा वेळ मॉनिटरचा आवाज कमी करा, पडदा ओढा आणि बाजूला उभ्या राहा.

माणूस गेल्यावर अंग पुसताना, नळ्या काढतानाही नावानंच बोला, "बाबा, हात सरळ करते." घरचे ऐकत असतात. मग ड्यूटी रूममध्ये जाऊन पाच मिनिटं बसा, जिच्याबरोबर ड्यूटी आहे तिला सांगा की आज जड गेलं. चहा घ्या, हात धुवा आणि दहा नंबरच्या बेडची सहाची इंजेक्शनं भरायला घ्या.